रोजकीर्द, खतावणी आणि संगणकाच्या फाइली



मराठीच्या अध्यापकाने संगणकाच्या फाइलींविषयी बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. परंतु नोंद कोणत्या रीतीने ठेवावी हा प्रश्न यंत्राहून फार जुना आहे, आणि आपल्या पेडणे-डिचोलीत तो जमिनीच्या हक्काशी निगडित आहे.

मराठी दप्तराने या प्रश्नाची दोन उत्तरे दिली. व्यवहार घडेल त्या क्रमाने लिहावयाचा, ती रोजकीर्द. त्याच रकमा खातेवार मांडावयाच्या, ती खतावणी. दिवसभरात काय घडले हे पहिली सांगते, अमक्याकडे येणे किती हे दुसरी. एकीचे काम दुसरीकडून घेऊ गेल्यास सारी वही चाळावी लागते.

18व्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत हे दोन्ही महाल पोर्तुगीज सत्तेखाली गेले. पुढे येथे जमिनीचे दप्तर वाढत गेले आणि एकाच शेताला निरनिराळ्या ओळखी मिळाल्या. भूनोंदणी कार्यालयात वर्णनाचा क्रमांक, महसुली ‘मात्रीझ’मध्ये दुसरा क्रमांक, आणि 1968च्या जमीन महसूल संहितेनंतर झालेल्या मोजणीत सर्व्हे क्रमांक. गोव्यातील जुन्या मिळकतींच्या खरेदीखतांत हे तिन्ही क्रमांक एकत्र लिहिलेले आढळतात. शेत एक, वाटा तीन.

असंख्य माणसे एकाच वेळी व्यवहार करतात अशा मोठ्या यंत्रांपुढेही हाच प्रश्न उभा राहिला. आयबीएम कंपनीने अशा व्यवहारांसाठी ‘सीआयसीएस’ ही प्रणाली 1969 साली बाजारात आणली आणि 1970च्या दशकाच्या प्रारंभी ‘व्हीसॅम’ ही फाइली ठेवण्याची पद्धत. तीत प्रमुख प्रकार तीन. पहिल्या प्रकारात नवी नोंद नेहमी शेवटी जोडली जाते. लिहिलेली नोंद काढून टाकता येत नाही की तिची लांबी बदलता येत नाही. ही यंत्राची रोजकीर्द. दुसऱ्यात नोंदी खूणशब्दाच्या क्रमाने राहतात व सूचीवरून सापडतात. ही खतावणी, कारकून खाते वाढेल म्हणून कोरी पाने राखतो, तशी येथेही रिकामी जागा राखावी लागते. ती संपली की यंत्र भरलेला खण दुभंगते आणि अर्ध्या नोंदी दुसरीकडे हलवते. असे वरचेवर घडू लागले की काम मंदावते. तिसऱ्यात क्रमांकित घरे असतात व क्रमांकच नोंदीची जागा सांगतो, सूची लागत नाही.

सर्व्हे क्रमांकासाठी हा तिसरा प्रकार सोयीचा, असे प्रथमदर्शनी वाटेल. पण भावाभावांत वाटणी होते, 45चे 45/1 व 45/2 होतात, आणि पोटहिश्श्यांना घर उरत नाही. तेथे सूचीची खतावणीच बरी. फाइलीचा प्रकार निवडावयाचा तो पुढे विचारल्या जाणाऱ्या प्रश्नावरून आणि नोंद कशी वाढेल यावरून.

निवडीनंतर सांभाळणे आले. दोन कारकुनांनी एकच नोंद एका क्षणी बदलू नये म्हणून पहिल्याचे काम पुरे होईतो ती कुलूपबंद ठेवतात. बदलापूर्वीची प्रत रोजकिर्दीत टिपून ठेवतात. मध्येच वीज गेली तर तीवरून नोंद पूर्वस्थितीस आणता येते. एकाच नोंदीकडे जाणाऱ्या अनेक सूची असल्यास त्या सर्व एकाच व्यवहारात बदलाव्यात, नाहीतर एकही बदलू नये, हा या शास्त्राचा कणा.

आपल्या शेतांच्या बाबतीत तो कणा दुबळा राहिला. तीन दप्तरे तीन ठिकाणी. एकात वारसाचे नाव चढावे आणि दुसऱ्यात मृत आजोबांचेच राहावे, असे होऊ शकते. आज ‘नमुना एक व चौदा’ संगणकावर दिसतो. परंतु यंत्र चुकीची नोंदही तितक्याच तत्परतेने दाखवते. जमीन संपादनाची सूचना निघते, वाटणीचा वाद उभा राहतो, तेव्हा कुळाचा वा वारसाचा हक्क त्या एका ओळीवर तोलला जातो.

येथील माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी दप्तरात असतील, कोणी संगणकाच्या व्यवसायात. त्यांना एवढेच सांगणे, की वही कोणतीही असो, तिच्या ओळीच्या टोकाला कोणाचे तरी शेत आहे.