मारेकऱ्याचा खरा वेष

गेल्या अर्धशतकांत परदेशांतून आपल्या सुशिक्षित घरांत जे नवे खेळ शिरले, त्यांत एक मोठा चमत्कारिक आहे. त्यास फांसे लागतात, पण पट लागेलच असें नाहीं. चार-पांच मंडळी मेजाभोंवतीं बसतात. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे एकेक पात्र धारण करितात, आणि फांसे टाकीत टाकीत सर्व मिळून एक अद्भुत कथा तोंडानें रचीत जातात. अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा अशा प्रकारचा खेळ १९७४ सालीं छापून निघाला. योद्धा, मांत्रिक व पुरोहित हीं पात्रें त्यांत आरंभापासून होतीं. पुढच्याच वर्षीं निघालेल्या एका पुरवणीनें गुप्त मारेकऱ्याची त्यांत भर घातली. १९८९ च्या आवृत्तींतून हें पात्र गाळण्यांत आलें खरें. पण खेळणाऱ्यांच्या मनांतून तें गेलें नाहीं, आणि मागाहून निराळ्या रूपानें तें परत आलेंच.

तरुण मंडळींस हें पात्र फार प्रिय, आणि आमच्या मतें बहुतेकांच्या हातून तेंच सर्वांत पोकळ वठतें. काळा झगा, तोंडावर फडकें, आईबाप लहानपणींच वारलेले, बोलणें अगदीं कमी, आणि कमरेस विषाची कट्यार. तो छपरावरून येतो, अंधारांतून एक वार करितो आणि नाहींसा होतो. पुढें काय? पुढें कांहींच नाहीं. बाकीचे गडी राजाशीं बोलतात, खाणावळींत भांडतात, गांवकऱ्यांचा निवाडा करितात. हा मात्र पुढची रात्र पडेपर्यंत कोपऱ्यांत बसून राहतो. ज्या माणसाचा सर्व गुण न दिसण्यांत आहे, त्याच्याविषयीं चार लोकांत बोलावें तरी काय?

इतिहासांतले मारेकरी या नमुन्याचे क्वचितच आढळतात. त्यांतले नांवाजलेले वार पुष्कळदां भर दिवसा, चार माणसांदेखत आणि उघड्या तोंडानें झालेले आहेत. भिंतीवर चढण्यापेक्षां भिंतीच्या आंत नोकरीस राहणें त्यांस अधिक साधत असे. हा भेद ध्यानांत घेतला तर खेळांतल्या पात्रासहि रक्तमांस चढेल, असें आम्हांस वाटतें.

इंग्रजींत अशा माणसास 'असॅसिन' म्हणतात. हा शब्द क्रूसेडच्या युद्धांत सिरियाकडून युरोपांत गेला, आणि त्याची पाळेंमुळें इस्माइली पंथाच्या इतिहासांत आहेत. इराणच्या उत्तरेस एल्बुर्झ पर्वतांत अलामूत नांवाचा दुर्ग आहे. हसन-इ-सब्बाह या इस्माइली पुढाऱ्यानें तो १०९० सालीं हस्तगत केला. त्याचे अनुयायी पुढें निझारी या नांवानें ओळखले जाऊं लागले. चोहोंकडे बलाढ्य सेल्जुक साम्राज्य आणि मध्यें हे मूठभर लोक. उघड्या मैदानावर निभाव लागणें शक्य नव्हतें. तेव्हां ज्याच्या शब्दावर सैन्यें हालतात असा एखादा माणूस निवडून मारावयाचा, हा मार्ग त्यांनीं पत्करिला. हजारों शिपायांच्या कत्तलीपेक्षां एका वजिराचा मृत्यु स्वस्त, असा त्यांतला हिशेब. तो नीतीचा म्हणतां येणार नाहीं; पण वेड्याचाहि नव्हता.

युरोपास मात्र वेड्याचीच गोष्ट अधिक आवडली. मार्को पोलोच्या वृत्तांतांत ती आहे: डोंगरांतल्या म्हाताऱ्यानें एक स्वर्गतुल्य बाग केली, तरुणांस गुंगी देऊन तींत नेलें, आणि पुन्हां तो स्वर्ग हवा असेल तर अमक्यास मारून या, असें सांगितलें. पोलो त्या बाजूनें गेला तेव्हां अलामूत मोंगल सरदार हुलागूच्या हातीं पडून (१२५६) पंधरा-सोळा वर्षें लोटलीं होतीं. पुढें १८०९ सालीं सिल्व्हेस्त्र द सासी या फ्रेंच पंडितानें 'असॅसिन' हा शब्द 'हशिश' म्हणजे भांगेच्या नांवाशीं जोडून दाखविला, आणि निझारी लोक भांग खाऊन खून करीत ही समजूत पक्की झाली. वस्तुतः 'हशिशी' ही विरोधकांनीं दिलेली शिवी होती. हलकट, ओंवाळून टाकलेले लोक, एवढाच तिचा रोख. फरहाद दफ्तरी यांनीं १९९४ सालीं या दंतकथांवरच एक ग्रंथ लिहून त्यांची उकल केली आहे. पण पंडितांचा आधार क्षणभर बाजूस ठेविला तरी साधा व्यवहारहि हेंच सांगतो. शत्रूच्या वाड्यांत महिनेच्या महिने राहावयाचें, कोणास संशय येऊं द्यावयाचा नाहीं, आणि नेमक्या घटकेस हात कांपूं द्यावयाचा नाहीं, हें काम भांगेच्या तारेंत व्हावयाचें कसें?

मुंबईकरांस तर हा इतिहास सर्वस्वीं परका नाहीं. निझारी इमामांच्या परंपरेंतील पहिले आगाखान इराण सोडून हिंदुस्थानांत आले व अखेर मुंबईस स्थायिक झाले. माझगांवच्या हसनाबादेंत त्यांची कबर आहे. खोजा जमातींतील वादाचा १८६६ चा निकाल मुंबईच्या हायकोर्टांत न्यायमूर्ति सर जोसेफ आर्नोल्ड यांनीं दिला, आणि त्यांत अलामूतच्या जुन्या वृत्तांताचाहि परामर्श घेतला. ज्या समाजाचीं दुकानें, शाळा आणि इस्पितळें आपल्या शेजारींच आहेत, त्याच्या पूर्वजांची गोष्ट भांगेच्या कैफांत बुडवून सांगण्यापूर्वीं खेळणाऱ्यांनींहि थोडा विचार करावा.

खरी हकीकत दंतकथेहून अधिक अंगावर कांटा आणणारी आहे. सेल्जुकांचा थोर वजीर निजामुल्मुल्क १०९२ च्या रमजानांत नहावंदजवळ मारला गेला. संध्याकाळीं तो पालखींतून आपल्या तंबूकडे परतत असतां सूफी फकिराच्या वेषांतला एक मनुष्य अर्ज घेऊन पुढें आला. ज्या वजिराचा दरवाजा अर्जदारांस मोकळा, त्याचा घात त्याच्या त्या सद्‌गुणानेंच साधला. सिरियाच्या किनाऱ्यावर टायर शहरीं २८ एप्रिल ११९२ रोजीं माँफेराचा कॉनराड मारला गेला, तो ख्रिस्ती भिक्षूंच्या वेषांतल्या दोघांकडून. हे दोघे त्या दिवशीं उपटलेले नव्हते. कांहीं काळ त्या शहरांत वावरून ते लोकांच्या परिचयाचे झालेले होते. अशा कामावर निघणाऱ्यास 'फिदाई' म्हणत, म्हणजे जीव ओंवाळून टाकणारा. परत येण्याची तजवीज तो बहुधा करीतच नसे. सुलतान संजरची गोष्ट याहून निराळी. जुवैनी लिहितो कीं, एके सकाळीं संजर जागा झाला तों त्याच्या शय्येशेजारीं जमिनींत सुरा रोंवलेला. मागाहून निरोप आला कीं, आम्ही सुलतानाचें बरें चिंतीत नसतों, तर कठीण भुईंत रुतलेला हा सुरा मऊ छातींत रुतला असता. संजरनें त्यानंतर तडजोडीचें धोरण धरिलें म्हणतात. हा जुवैनी हुलागूच्या पदरचा, निझारींचा कट्टर निंदक. तेव्हां गोष्ट तोलून घ्यावी. पण सुऱ्यापेक्षां तो तेथवर नेणारा हात कोणाचा, हा विचारच सुलतानास अधिक झोंबला असेल, यांत शंका नाहीं. आपलें अंथरूण घालणारा कोण, पाणी देणारा कोण?

आपल्याकडे कौटिल्यानें हें शास्त्र मोठ्या थंडपणें मांडून ठेविलें आहे. त्याचें 'अर्थशास्त्र' शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं म्हैसुरास प्रसिद्ध केलें, पुढें रा. पं. कंगले यांची चिकित्सक आवृत्ति मुंबई विद्यापीठानें काढिली. त्यांत हेरांच्या जातींमध्यें 'तीक्ष्ण' आणि 'रसद' असे दोन आहेत. तीक्ष्ण म्हणजे द्रव्यासाठीं हत्तीशीं वा श्वापदाशीं झुंजणारा, जिवावर उदार झालेला. रसद म्हणजे विष घालणारा. स्वराज्याच्याच अधिकाऱ्यांवर यांनीं नजर ठेवावी ती कोठून? तीक्ष्णानें छत्र, पंखा, पादुका, आसन व वाहन सांभाळणारा होऊन. रसदानें आचारी, न्हाऊं घालणारा, अंग रगडणारा, अंथरूण करणारा, न्हावी किंवा पाणक्या होऊन. राजमहालांतला मनुष्य जेथें निःशंक मान पुढें करितो किंवा तोंड उघडतो, तेवढ्या जागा कौटिल्यानें नेमक्या हेरल्या आहेत. रसदाच्या अंगीं कोणते गुण पाहावे, तेंहि तो सांगतो: आप्तांविषयीं माया नसलेला, क्रूर, आणि आळशी. या शेवटल्या शब्दापाशीं आम्ही पुष्कळदां थबकलों आहों. आळशी कां? आम्हांस वाटतें, ज्यास स्वतःचें असें कांहीं उभारावयाचें नाहीं, तोच दुसऱ्याच्या घरांत सुखानें वाट पाहत बसेल.

म्हणून अशा पात्राची निवड करणाऱ्या गड्यास सूत्रधारानें शस्त्रांविषयीं मागाहून विचारावें. आधीं विचारावें, बाबा रे, तुला स्वयंपाक कायकाय येतो? त्याला एक खराखुरा धंदा असावा व तो त्यानें चोख करावा. मग रात्रीची वाट पाहण्याचें कारण राहणार नाहीं. मुदपाकखान्यांतला प्रत्येक संवाद हाच त्याचा रणसंग्राम. आणि ज्याचें मीठ सहा महिने खाल्लें, ज्याच्या मुलांस खांद्यावर खेळविलें, त्याच्या ताटांत विष कालविण्याची वेळ आली म्हणजे फाशांकडे पाहण्याआधीं त्या गड्यास स्वतःकडे पाहावें लागेल.

या पेंचाचा सर्वांत खोल विचार आमच्या वाचनांत आला तो चीनच्या इतिहासांत. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या आगेंमागें सिमा च्येन या इतिहासकारानें आपल्या 'शिजी' या महाग्रंथांत मारेकऱ्यांसाठीं एक स्वतंत्र अध्याय दिला, आणि पांच पुरुष त्यांत उभे केले. त्यांतला ज्वान जू कौटिल्याच्या पठडींतला: भाजलेल्या माशाच्या पोटांत सुरा दडवून तो पात्र वाढावयास गेला, आणि वू राज्याच्या राजास पंक्तींतच ठार केलें. यू रांगची कथा मात्र अगदीं वेगळी.

यू रांग हा जी बो नांवाच्या सरदाराचा आश्रित. ख्रि. पू. ४५३ त जाव घराण्याच्या श्यांग्जीनें मित्रांच्या साहाय्यानें जी बोचा नाश केला, आणि द्वेषानें त्याच्या कवटीचें पानपात्र करविलें. यू रांगनें सूडाची शपथ घेतली. तो कैदी मजुराच्या वेषांत श्यांग्जीच्या वाड्यांत शिरला आणि शौचकूपाच्या भिंती लिंपूं लागला. श्यांग्जीच्या मनांत एकाएकीं कांहीं चरकलें, त्यानें मजुरास धरविलें, तों जवळ शस्त्र निघालें. हा धन्याशीं इमानी आहे, एवढें म्हणून श्यांग्जीनें त्यास सोडून दिलें! मग यू रांगनें अंगास लाखेचें रोगण फांसून कातडी महारोग्यासारखी करून घेतली, कोळसा गिळून आवाज घोगरा केला, आणि तो बाजारांत भीक मागूं लागला. प्रत्यक्ष बायकोनें त्यास ओळखलें नाहीं. एका मित्रानें मात्र ओळखलें. त्याच्या डोळ्यांस पाणी आलें, व तो म्हणाला, "तुझ्यासारख्या गुणी माणसानें श्यांग्जीची चाकरी धरली तर तो तुला जवळ करील, मग हवें तें करणें किती सोपें! देहाचे हे हाल कशाला?" यू रांगनें उत्तर दिलें तें असें कीं, एखाद्याची चाकरी पत्करावयाची आणि त्याच्याच जिवावर टपावयाचें, म्हणजे दोन मनांनीं सेवा करणें, माझा मार्ग अवघड आहे हें मी जाणतों, पण अशी सेवा करणाऱ्यांस पुढें लाज वाटावी म्हणूनच मी तो धरिला आहे.

कौटिल्याचा रसद ज्या दारानें बिनदिक्कत आंत शिरतो, तें दार या मारेकऱ्यानें आपल्या हातानें लावून घेतलें. त्यास मारावयाचें होतें. विश्वास मिळवून मारावयाचें नव्हतें. या एका नकारामुळें तो आम्हांस पांचांतहि निराळा वाटतो, आणि ज्या गड्यास आपल्या पात्रांत प्राण ओतावयाचा असेल, त्यानें प्रथम असा एक नकार शोधावा.

पुढें श्यांग्जी जावयाचा होता त्या पुलाखालीं यू रांग दबा धरून बसला. पुलाशीं येतांच घोडा बुजला आणि तो पुन्हां सांपडला. श्यांग्जीनें विचारलें, "तूं आधीं फान आणि जोंगहांग या घराण्यांच्या चाकरींत होतास. जी बोनें त्यांचा नाश केला. त्यांचा सूड तूं घेतला नाहींस, उलट जी बोच्या पदरीं राहिलास. मग याच्यासाठींच हा हट्ट कां?" यू रांग म्हणाला, "त्यांनीं मला चारचौघांसारखें वागविलें, मीं चारचौघांसारखी फेड केली. जी बोनें मला राज्यांतला थोर पुरुष म्हणून वागविलें." श्यांग्जी हळहळला, पण या वेळीं सोडावयास तयार झाला नाहीं. तेव्हां यू रांगनें एकच मागणें केलें, कीं तुझा झगा मला दे, त्यावर वार करून मी सूडाचें समाधान मानीन. श्यांग्जीनें झगा पाठविला. यू रांगनें तलवार उपसून तीनदां उडी घेतली, झग्यावर वार केले, आणि मग त्याच तलवारीवर देह टाकिला. सिमा च्येन लिहितो कीं, ही वार्ता ऐकून त्या दिवशीं जाव राज्यांतले मनस्वी पुरुष रडले, म्हणजे ज्याच्या जिवावर तो उठला होता, त्याच्याच राज्यांतले.