आवृत्ती बदलते तेव्हा : मराठी संकेतस्थळांच्या थीमचे स्थलांतर आणि इतिहासाची साधने

प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासकाला कागद ओळखीचा असतो. दप्तरातील रुमाल सोडला की कागदाचा पोत, शाईचा रंग आणि मोडीचे वळण यांवरून तो काळाचा अंदाज बांधतो. मजकुराइतकाच मजकुराचा देहही त्याच्या लेखी साक्षीदार असतो. गेल्या पाव शतकात मराठी समाजाच्या वैचारिक देवाणघेवाणीचा मोठा भाग संकेतस्थळांवर झाला आणि तेथे मजकूर व त्याचा देह वेगवेगळ्या ठिकाणी साठवलेले असतात. लेख, प्रतिसाद, तारखा हे सर्व डेटाबेसमध्ये राहते. ते पडद्यावर कसे दिसावे हे ठरविणाऱ्या फायलींचा संच निराळा असतो. या संचालाच थीम म्हणतात. मूळ आज्ञावलीची नवी आवृत्ती बसविली की मजकूर बहुधा सुखरूप पुढे जातो. संकेतस्थळाने स्वतःसाठी बेतून घेतलेली थीम मात्र जशीच्या तशी चालत नाही. ती नव्याने लिहावी लागते. या पुनर्लेखनात काय टिकते आणि काय गळते, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

या विषयाकडे माझे लक्ष जाण्याचे कारण अगदी घरचे आहे. माझ्या परिचयाच्या एका महाविद्यालयाच्या संकेतस्थळाची आज्ञावली काही वर्षांपूर्वी अद्ययावत झाली. दुसऱ्या दिवशी पाहिले तर सूचना, निकाल, वार्षिक अंकाची अनुक्रमणिका हे सर्व जागेवर होते. परंतु माजी प्राचार्यांची नावे व कार्यकाल देणारा रकाना नाहीसा झाला होता. शोध घेता कळले, की तो मजकूर डेटाबेसमध्ये कधी नव्हताच. पूर्वी संकेतस्थळ तयार करून देणाऱ्या माजी विद्यार्थ्याने तो थीमच्याच एका फायलीत हाताने लिहून ठेवला होता. जुनी थीम काढली आणि तिच्याबरोबर ती यादीही गेली. थीम हा केवळ पोशाख आहे, असे आपण समजतो. कित्येकदा त्या पोशाखाच्या खिशात महत्त्वाचे कागद राहिलेले असतात.

ड्रुपल आणि मराठी संकेतस्थळे

मराठी संकेतस्थळांच्या इतिहासात ड्रुपल या आज्ञावलीचे स्थान मोठे आहे. १९९६ च्या गणेशचतुर्थीस सुरू झालेली 'मायबोली' पुढे ड्रुपलवर आली. २००४ मध्ये सुरू झालेले 'मनोगत', २००७ मधील 'मिसळपाव' आणि २०११ मधील 'ऐसी अक्षरे' हीही ड्रुपलवरच उभी राहिली. बेल्जियमच्या ड्रीस बॉयटार्ट यांनी २००१ मध्ये मुक्त केलेली ही आज्ञावली विनामूल्य होती, सदस्यांच्या लेखनाला व प्रतिसादांना अनुकूल होती आणि हौशी मंडळींना हाताळता येत होती. ही संकेतस्थळे मुख्यत्वे नोकरी-व्यवसाय सांभाळून फावल्या वेळात चालविली गेली, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

ड्रुपलची पाचवी आवृत्ती जानेवारी २००७ मध्ये, सहावी फेब्रुवारी २००८ मध्ये, सातवी जानेवारी २०११ मध्ये आणि आठवी नोव्हेंबर २०१५ मध्ये आली. सातव्या आवृत्तीपर्यंत टप्पा गाळता येत नसे. पाचव्यावरून सातव्यावर जायचे तर सहाव्यातून जावे लागे. शिवाय जुन्या आवृत्तीचा सुरक्षाविषयक आधार काढून घेतला जाई. सहाव्या आवृत्तीचा आधार फेब्रुवारी २०१६ मध्ये आणि सातव्याचा जानेवारी २०२५ मध्ये संपला. म्हणजे आहे तेथेच राहण्याची मोकळीक कोणालाच नव्हती.

थीमच्या दृष्टीने प्रत्येक टप्पा वेगळा होता. सहाव्या आवृत्तीने प्रत्येक थीमला एक माहितीपत्रक सक्तीचे केले आणि पानावरील विभागांची नोंद त्यात करावयास लावली. सातव्या आवृत्तीत प्रमाण थीममधील 'डावा' व 'उजवा' रकाना ही नावे जाऊन 'पहिला' व 'दुसरा' अशी नावे आली. कारण अरबी, उर्दू यांसारख्या उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांत डावे-उजवे उलटते. नावांतला हा बदल मला फार बोलका वाटतो. आठव्या आवृत्तीने तर थीम लिहिण्याची भाषाच बदलली. पीएचपीच्या जागी ट्विग आले आणि जुन्या थीमच्या साचाफायली निरुपयोगी ठरल्या. स्थलांतरापूर्वी स्वतःची थीम बंद करून ड्रुपलची मूळ थीम लावावी, अशी सूचना असे. पाचव्या-सहाव्या आवृत्तीच्या काळात ती थीम 'गारलँड' ही होती. म्हणजे स्थलांतराच्या त्या काही तासांत जगातील कोणतेही ड्रुपल संकेतस्थळ, मग ते मराठी असो वा जर्मन, एकाच निळ्या वेषात उभे असे!

लिपीचा प्रश्न

इंग्रजी संकेतस्थळाची थीम बदलली तर वाचकाला रंग व मांडणी बदललेली दिसते. मराठीत प्रश्न अधिक खोल आहे, कारण भाषेच्या सोयी बऱ्याच अंशी थीममध्ये किंवा तिला जोडून आलेल्या फायलींत होत्या.

पहिली सोय टंकलेखनाची. देवनागरी कळफलक ठाऊक नसलेल्या लेखकाला रोमन अक्षरे दाबून मराठी लिहिता यावे, यासाठी ॐकार जोशी यांच्या 'गमभन'सारख्या प्रणाली लेखनाच्या चौकटीला जोडल्या जात. ही जोडणी चौकटीच्या अंतर्गत नावावर बेतलेली असेल, तर नाव बदलताच ती तुटते. सहाव्या आवृत्तीत लेखाच्या चौकटीचे नाव सुटसुटीत होते. सातव्यात त्या नावात 'यूएनडी' ही तीन अक्षरे शिरली. त्यांचा अर्थ 'भाषा अनिश्चित'. मराठीसाठी जन्मलेल्या संकेतस्थळावरील मराठी लेखाची नोंद, वेगळी व्यवस्था केली नसल्यास, अनिश्चित भाषेत होई.

दुसरी बाब अक्षरांच्या वळणाची. मराठी 'ल' आणि 'श' यांचे वळण हिंदीत रूढ असलेल्या वळणाहून भिन्न आहे. युनिकोडमध्ये मात्र दोहोंस एकच संकेतांक आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची प्रमाण वर्णमाला निश्चित केली. नोटो सान्स देवनागरीसारख्या टंकात दोन्ही वळणे असतात. पानाच्या आरंभी भाषा मराठी असल्याची खूण असेल तर मराठी वळण उमटते. सहाव्या आवृत्तीपर्यंत ही खूण पानाच्या मुख्य साच्यात असे आणि थीम करणारा ती हाताने लिहू शके. सातव्यात तो भाग वेगळ्या साच्यात गेला. तो साचा मूळ स्वरूपात ठेवला आणि संकेतस्थळाची भाषा इंग्रजीच राहिली, की खूण इंग्रजीची पडते. एकही अक्षर न बदलता 'ल' परका होतो.

रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या तयार थीममध्ये आणखी अडचणी येतात. ओळींतील अंतर अपुरे असल्याने रफार व उकार कापले जातात. शीर्षकांना भारदस्तपणा यावा म्हणून अक्षरांत सोडलेली जागा शिरोरेषा तोडते. बेतून घेतलेल्या जुन्या थीममध्ये कोणीतरी रात्री जागून हे दोष काढलेले असतात. नवी थीम येते तेव्हा ते काम पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि पहिल्याची नोंदही उरत नाही.

साधनचिकित्सा

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केली, ती असंख्य पोथ्यांच्या पाठांची तुलना करून. पोथी नकलताना पाठ बदलतो हे आपण शिकलो आहोत. संकेतस्थळाच्या बाबतीत हा सावधपणा सुटतो. २००५ मधील एखादा वाद आज वाचताना तारीख २००५ ची दिसते, पण भोवतालची चौकट, विभागांची नावे, प्रतिसादांचा क्रम हे नंतरच्या थीमचे असू शकतात. प्रतिसाद एकाखाली एक होते की एकाच्या पोटात दुसरा होता, यावर वादाचा अर्थ अवलंबून असतो. इंटरनेट अर्काइव्हच्या संग्रहात १९९६ पासूनची पाने पाहता येतात खरी. परंतु शैलीची फाइल किंवा टंक साठविला गेला नसेल तर पान उघडेबोडके दिसते. ते त्याचे मूळ रूप मानणे चूक ठरेल.

तुलनेने मराठी विकिपीडियाची स्थिती बरी आहे. तेथील स्थानिक शैलीचे नियम हेच एक विकिपान असल्याने प्रत्येक बदलाची तारीख, करणाऱ्याचे सदस्यनाव आणि आधीचा मजकूर इतिहासात राहतो. २०१० मध्ये विकिमीडियाच्या प्रकल्पांवर 'मोनोबुक'ऐवजी 'व्हेक्टर' हे रूप आले, तरी जुने रूप निवडण्याची सोय सदस्यांना ठेवण्यात आली. शासकीय क्षेत्रात उलट दिशेने प्रवास झाला. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या एस३वास या व्यवस्थेतून जिल्ह्यांची संकेतस्थळे तयार साच्यांवर आली. सुरक्षितता व सुगम्यता यांत लाभ निश्चित झाला. सिंधुदुर्ग आणि गडचिरोली यांच्या पानांत मात्र छायाचित्रांपलीकडे फारसा भेद राहिला नाही.

महाविद्यालयांना याहून साधे काही करता येईल. अद्ययावतीकरणाच्या आदल्या दिवशी जुन्या थीमचा संपूर्ण फोल्डर, वापरलेल्या टंकासह, ग्रंथालयाकडे दाखलनोंद करून द्यावा. मुख्य पानांची छायाचित्रे मुद्रित करून वार्षिक अहवालास जोडावीत. आणि थीमच्या फायलींत हाताने लिहिलेला मजकूर आहे का, हे संगणक विभागासोबत इतिहासाच्या शिक्षकानेही एकदा वाचून पाहावे. यास अर्धा दिवस पुरतो.

वर उल्लेखिलेल्या महाविद्यालयात असा फोल्डर कोणाकडेच निघाला नाही. माजी प्राचार्यांची यादी जुन्या वार्षिक अंकांतील छायाचित्रांखालील ओळींवरून आणि कार्यालयातील हजेरीपटांवरून पुन्हा जुळवावी लागली. दोन नावांपुढील कार्यकालाचा रकाना अद्याप रिकामा आहे.