फातिमा : एका नावाचा अर्थ

परवा नातीने फोनवर विचारले, "आजोबा, फातिमा म्हणजे काय हो?" तिच्या नव्या मैत्रिणीचे हे नाव. मी गप्पच झालो. वर्गात मुलांना नावांचे अर्थ सांगायची मला भारी हौस. पण कुरकुंभला माझ्या वर्गात एक फातिमा होती, तिला तिच्या नावाचा अर्थ कधी सांगितला नाही. मलाच तो ठाऊक नव्हता आणि कोणाला विचारावे असेही सुचले नाही.

आता शोधला. अरबीतले शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूपासून होतात. फ-त-म म्हणजे तान्ह्याचे दूध तोडणे. फातिमा म्हणजे दूध तोडणारी. पैगंबरांच्या कन्येचे नाव, म्हणून ते जगभर पोचले. आपल्याकडे आया कडुनिंब लावून दूध तोडत. पोर रडते, आईचाही जीव तुटतो, पण त्याशिवाय ते भाकरीकडे वळत नाही. वरून कठोर वाटणाऱ्या मायेचे हे नाव आहे.

मग पुण्याची फातिमा शेख आठवली. सावित्रीबाई फुले आजारपणात माहेरी नायगावला होत्या. तिथून १० ऑक्टोबर १८५६ रोजी त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. आपल्यामागे कामाचा ताण फातिमावर येत असणार याची काळजी त्यात आहे, आणि ती तक्रार करणाऱ्यांतली नाही याची खात्रीही. जानेवारी २०२५ मध्ये, अशी बाई झालीच नाही, असा वाद उठला होता. पण हे पत्र मा. गो. माळींनी संपादित केलेल्या 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मया'त १९८८ सालीच छापलेले आहे.

गंमत म्हणजे 'तक्रार' हा शब्दही अरबीच. मूळ अर्थ, पुन्हा पुन्हा करणे. आपली 'हजेरी'सुद्धा तिकडच्या 'हाजिर'वरून आलेली.

माझ्या वर्गातल्या फातिमाची शाळा सातवीनंतर सुटली. आई कामाला जायची, धाकटी भावंडे हिच्या अंगावर. तिनेही तक्रार केली नाही. मी हजेरीपटातले तिचे नाव लाल शाईने कमी केले आणि पुढच्या नावाकडे वळलो. एकदा घरी जाऊन यायला हवे होते. जो बोलत नाही त्याचे बरे चालले आहे, असे आम्ही मास्तर लोक फार सहज धरून चालतो.

नातीला अर्थ सांगितला. म्हणाली, "थांबा, तिला आत्ताच सांगते."

असो. निदान एका फातिमाला तरी कळले.