मनगट, खांदा आणि कायद्याची व्याख्या

एक मीटरपट्टी २५ सें.मी.च्या खुणेशी मुठीत घट्ट पकडून हात समोर आडवा धरा. पट्टीचा मागचा तुकडा हाताला टेकू देऊ नका. थोड्याच वेळात मनगट भरून येते. आता तो तुकडा कोपराच्या पुढच्या भागाला खालून टेकू द्या. मनगटाचा ताण लगेच हलका होतो. मूठ झाली टेकू, पुढचे वजन झाला भार, आणि मागच्या टोकाला रोखणारा हात झाला बल. ही साधी तरफच आहे.

पिस्तूल आणि रायफल यांच्यातला मुख्य फरकही आधाराचाच. पिस्तूल हाताच्या बळावर धरतात. रायफलचा दस्ता खांद्याला टेकतो. नेम एक अंशाने ढळला, तर ५० मीटरवर गोळी सुमारे ८७ सें.मी. बाजूला जाते. म्हणून पिस्तुलालाही दस्ता जोडण्याची कल्पना जुनी आहे. १८९६ च्या जर्मन माउझर पिस्तुलाचे लाकडी म्यानच मागे जोडले की दस्ता होई. त्याच वर्षी मुंबईच्या ससून डॉकवर उतरताना तरुण विन्स्टन चर्चिलचा खांदा निखळला. तो खांदा पुढे कायमचा अधू राहिला. त्यामुळे १८९८ मध्ये सुदानातील ओम्दुर्मानच्या लढाईत त्याने तलवारीऐवजी माउझर पिस्तूल वापरले.

अमेरिकेत १९३४ साली शस्त्रकायदा झाला. मूळ मसुद्यात सहज लपवता येणारी पिस्तुलेही होती, आणि रायफल कापून कोणी पळवाट काढू नये म्हणून आखूड रायफलही होती. पुढे पिस्तुले वगळली गेली. आखूड रायफल मात्र राहिली. आज १६ इंचांहून आखूड नळी आणि खांद्यावरून झाडण्याचा हेतू असेल, तर नोंदणी आवश्यक असते. त्यासाठी २०० डॉलर करही होता.

२०१२ साली माजी सैनिक अ‍ॅलेक्स बॉस्को यांनी रायफलीसारख्या जड पिस्तुलासाठी आर्म ब्रेस बनवला. अपंग माजी सैनिकाला एका हाताने ते सावरता यावे, हा हेतू. मागच्या टोकाचे दोन पंखे हाताला दोन्ही बाजूंनी कवेत घेतात आणि पट्ट्याने आवळले जातात. तत्त्व आपल्या मीटरपट्टीचेच! ब्रेस लावल्याने पिस्तुलाची रायफल होत नाही, असे संबंधित सरकारी खात्याने त्याच वर्षी कळवले.

पण तेच टोक खांद्यालाही टेकवता येते. लोक ते सर्रास करू लागले. खात्याने २०१५ मध्ये त्याला आक्षेप घेतला आणि २०१७ मध्ये तो सौम्य केला. दरम्यान डेटन (२०१९) येथे ९ आणि बोल्डर (२०२१) येथे १० जण अशा शस्त्रांनी मारले गेले. २०२३ मध्ये खात्याने कडक नियम केला. तो जून २०२४ मध्ये टेक्सासमधील न्यायालयाने रद्द ठरवला. १ जानेवारी २०२६ पासून आखूड रायफलीवरील करही शून्य झाला, नोंदणी राहिली.

तरफेचा नियम हेतू विचारत नाही. टेकू कोठेही असो, गणित तेच. कायद्याला मात्र हेतू पाहावा लागतो, आणि तो वस्तूवर लिहिलेला नसतो. अपंगाला आधार देणारी वस्तू धडधाकट माणसाच्या खांद्यावर गेली की तिला काय म्हणावे? वर्गीकरण शिकवताना हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे जरूर ठेवावा. व्याख्येतल्या एका शब्दावर माणसांचे जीव अवलंबून असू शकतात, हे त्यांना त्यातून उमगेल.