प्रवाहरेखित वाफेची इंजिने आणि त्यांचे निर्माते : ‘मॅलार्ड’ – एक अभ्यास

प्रस्तावना :
१९३३ मध्ये जर्मनीत बर्लिन-हॅम्बुर्ग मार्गावर वेगवान डिझेल गाडी सुरू झाली आणि वाफेच्या इंजिनाच्या भवितव्याविषयी प्रश्न निर्माण झाला. इंग्लंडमधील लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेचे मुख्य यांत्रिकी अभियंता नायजेल ग्रेसली यांनी या आव्हानाला वाफेच्याच इंजिनाने उत्तर दिले.

रचना आणि निर्मिती :
ग्रेसली यांच्या ‘ए४’ वर्गातील ३५ इंजिने १९३५ ते १९३८ या काळात डाँकास्टर येथील रेल्वेच्या स्वतःच्या कारखान्यात तयार झाली. पाचरीसारख्या उतरत्या दर्शनी भागामुळे हवेचा विरोध कमी होत असे. सप्टेंबर १९३५ पासून या इंजिनांनी लंडन-न्यूकॅसल हे २६८ मैलांचे अंतर चार तासांत पार केले.

तथापि, या वेगाचे श्रेय केवळ बाह्य आवरणास देता येत नाही. फ्रेंच अभियंता आंद्रे शापलाँ यांनी इंजिनातील वाफेचे मार्ग रुंद व सुलभ करण्याचे तत्त्व मांडले होते. ग्रेसली यांनी ते स्वीकारले. मार्च १९३८ मध्ये पूर्ण झालेल्या ‘मॅलार्ड’ला दुहेरी धुराडे आणि फिनलंडचे क्युल्याला व शापलाँ यांच्या नावाने ओळखली जाणारी ‘किलचॅप’ निष्कास रचना बसविण्यात आली. त्यामुळे वापरलेली वाफ कमी अडथळ्याने बाहेर पडत असे.

विक्रम आणि मर्यादा :
३ जुलै १९३८ रोजी चालक जोसेफ डडिंग्टन व फायरमन टॉमस ब्रे यांनी ‘मॅलार्ड’ ताशी १२६ मैल (सुमारे २०३ कि.मी.) वेगाने चालविले. वाफेच्या इंजिनांचा हा विक्रम आजही अबाधित आहे. मात्र तो स्टोक येथील उतारावर झाला आणि मधल्या सिलिंडरच्या दांड्याचे बेअरिंग तापल्याने इंजिन पीटरबरो येथे गाडीपासून सोडवावे लागले. बोर्झिग कारखान्याच्या जर्मन ‘०५ ००२’ इंजिनाने १९३६ मध्येच ताशी २००.४ कि.मी. वेग गाठला होता.

दुसऱ्या महायुद्धात देखभाल सुलभ व्हावी म्हणून ‘ए४’ इंजिनांच्या चाकांवरील बाजूचे पत्रे काढण्यात आले. याउलट किलचॅप रचना पुढे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात या वर्गातील इतर इंजिनांनाही बसविण्यात आली.

निष्कर्ष :
आवरणाचा काही भाग गैरसोयीचा ठरला; आतील सुधारणा मात्र टिकली. म्हणून या इंजिनाचे कर्तृत्व एकट्या ग्रेसलींच्या नावे मांडणे अपुरे ठरते. शापलाँ व क्युल्याला यांचे संशोधन, डाँकास्टरच्या कामगारांचे कौशल्य आणि चालक-फायरमन यांचे श्रम यांचाही त्यात तितकाच वाटा आहे. आज ‘मॅलार्ड’ यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाच्या संग्रहात आहे. त्याच्या निळ्या आवरणाइतकेच आतील यंत्रणेकडेही अभ्यासकांनी लक्ष देणे आवश्यक आहे.