इम्पीरियल एअरवेजची भित्तिपत्रके

इम्पीरियल एअरवेजची भित्तिपत्रके ही १९२४ मध्ये स्थापन झालेल्या इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश विमान कंपनीची जाहिरातचित्रे होत. विमानप्रवास त्या काळी अतिशय महाग होता आणि अनेकांना त्याची धास्तीही वाटे. त्यामुळे वेगाबरोबरच सुखसोयींची खात्री पटवणे हे या भित्तिपत्रकांचे मुख्य प्रयोजन होते.

चित्रातील प्रवास आणि प्रत्यक्ष प्रवास यांत बरेच अंतर होते. ३० मार्च १९२९ रोजी सुरू झालेल्या लंडन–कराची सेवेला सुमारे सात दिवस लागत आणि भाडे १३० पौंड होते. इटलीने हवाई मार्ग नाकारल्यामुळे बाझेल ते जिनोव्हा हा टप्पा प्रवाशांना चक्क आगगाडीने गाठावा लागे. कराचीला येणारी टपाल पुढे मुंबईकडे नेण्याची सेवा जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सुरू केली.

त्याच वर्षी थेर ली-एलियट यांनी कंपनीसाठी 'स्पीडबर्ड' हे पक्ष्याचे बोधचिन्ह रेखाटले. पिसे, डोळा, चोच असा कोणताही तपशील न दाखवता केवळ टोकदार कोनांतून झेप सूचित करणारे हे चिन्ह आरंभी भित्तिपत्रकांवर व सामानाच्या चिठ्ठ्यांवर छापले जाई. कंपनीची तत्कालीन हँडली पेज एच.पी. ४२ ही द्विपंखी विमाने मात्र ताशी सुमारे १६० किलोमीटर वेगानेच उडत. वेगाच्या बाबतीत चिन्ह विमानापेक्षा पुढे होते, असेच म्हणावे लागेल.

१९४० मध्ये कंपनी बीओएसीमध्ये विलीन झाली. चिन्हही तिच्याकडे गेले. ब्रिटिश एअरवेजची विमाने आजही नियंत्रण कक्षाशी बोलताना 'स्पीडबर्ड' हेच संकेतनाम वापरतात.