हाल्डेन : फुलझाडे, वर्तमानपत्र आणि माड



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना वर्गातील विज्ञान वर्गाबाहेर नेण्याची ओढ होती. म्हणून आज मी जे. बी. एस. हाल्डेन यांच्याविषयी बोलणार आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात १९३३ पासून जनुकशास्त्राचे आणि १९३७ पासून जीवमितीचे प्राध्यापक असलेल्या या विद्वानाने ‘डेली वर्कर’ या कम्युनिस्ट दैनिकात तीनशेहून अधिक विज्ञानलेख लिहिले. सामान्य कामगाराला समजेल अशा भाषेत लिहिणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही. वाचकाच्या परिचयाच्या वस्तूपासून आरंभ करावा आणि तेथून अपरिचिताकडे जावे, हा त्यांचा लेखनविषयक दंडक होता.

हे लिहिणारा माणूस हौशी नव्हता. १९२७ पासून दहा वर्षे जॉन इन्स उद्यानसंस्थेशी त्यांचा संबंध होता. तेथे डोरोथिया द विंटन या विदुषीसह त्यांनी चिनी प्रिम्युला या फुलझाडाच्या आनुवंशिकतेचा अभ्यास केला. एकाच रंगसूत्रावर शेजारी असलेली जनुके बहुधा एकत्रच पुढच्या पिढीत उतरतात; अंतर वाढेल तशी त्यांची फारकतही वाढते. ही फारकत मोजली की जनुकांचा नकाशा काढता येतो. परंतु प्रिम्युलाच्या काही झाडांत रंगसूत्रांचे दोनऐवजी चार संच असतात, आणि मग मेंडेलचे ३ : १ हे सोपे प्रमाण उरत नाही. दोन प्रभावी आणि दोन अप्रभावी जनुके असलेल्या अशा झाडाच्या स्वपरागणातून ३५ : १ असे प्रमाण अपेक्षित असते. कुंड्यांतील हजारो रोपे आणि कागदावरचे बीजगणित यांचा मेळ घालण्यात हाल्डेन रमत असत.

आता जो भाग सांगायचा, तो सुखद नाही. १९२८ साली ज्यांच्या निमंत्रणावरून हाल्डेन रशियाला गेले होते, ते थोर वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह १९४० मध्ये अटकेत पडले आणि १९४३ साली सारातोव्हच्या तुरुंगात वारले. १९४८ च्या ऑगस्टमध्ये लिसेंकोच्या मताला राजमान्यता मिळून मेंडेलचे शास्त्र तेथे निषिद्ध झाले. त्याच वर्षी बीबीसीच्या चर्चेत इतर शास्त्रज्ञांनी लिसेंकोवर कठोर टीका केली. हाल्डेन मात्र स्पष्ट निषेध करू शकले नाहीत. ज्याने वर्षानुवर्षे प्रिम्युलाची रोपे मोजली, त्याला सत्य ठाऊक नव्हते असे कसे म्हणावे? पक्षनिष्ठेपुढे त्यांची लेखणी अडखळली, असे माझे मत आहे; आणि त्यांच्या शब्दावर विसंबणाऱ्या वाचकांचे त्यात नुकसान झाले. १९५० मध्ये त्यांचे त्या दैनिकातील लेखन थांबले आणि पक्षाशी असलेला संबंधही सुटला.

१९५७ साली ते महालनोबिसांच्या कलकत्त्यातील संख्याशास्त्र संस्थेत आले. पुढे त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले, आणि ‘हिंदू’सारख्या दैनिकांतून येथील वाचकांसाठीही लिहिले. महागडी उपकरणे नसली तरी डोळे आणि वही यांवर जीवशास्त्र चालते, हे ते भारतीय तरुणांना प्रत्यक्ष कामातून पटवीत. एस. के. रॉय यांनी पारिजातकाच्या फुलांच्या पाकळ्या मोजल्या. टी. ए. डेव्हिस यांनी माडांकडे पाहिले. माडाच्या झावळ्या काही झाडांत डाव्या वळणाने, काहींत उजव्या वळणाने चढत जातात. आपल्या कोकण-गोव्यातील बागाईतदारही हे सहज पाहू शकेल. डावे वळण असलेल्या माडांना नारळ अधिक लागतात, असे डेव्हिस यांना आढळले. आणि गंमत अशी की, हे वळण आईबापांकडून येत नाही. कोणत्याही माडाच्या संततीत दोन्ही प्रकार जवळजवळ निम्मे निम्मे निघतात.

१९६२ मध्ये हाल्डेन भुवनेश्वरला गेले आणि तेथे त्यांनी ओरिसा सरकारची जनुकशास्त्र व जीवमिती प्रयोगशाळा उभारली. १ डिसेंबर १९६४ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह काकिनाड्याच्या रंगराय वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला.